शेततळ्याच्या भरावावरचं शेंडेनक्षत्र

आईला शेंडेनक्षत्र बघायचं होतं. आयुष्यात तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट, आणि मागितली ती काचबिंदूनं डोळे जात आल्यावर. 'धूमकेतू' हा शब्द मी टीव्हीवरून उचलला होता. तिच्या लेखी ते शेंडेनक्षत्रच. मी तिच्या पोटात असताना असंच एक उगवलं होतं म्हणे. पहाटे अख्खी वस्ती उठून बघायला जायची, हिला मात्र उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. पोटुशीनं बघितलं तर पोरात खोट निघते, असं सगळ्या म्हाताऱ्यांचं म्हणणं. "तुझ्यापायी ऱ्हायलं रं," असं ती हसत म्हणायची आणि मला ते दर वेळी लागायचं. खोट काय, न बघताही निघालीच, हे मी हसून सांगायचो.

बारामतीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलीय ती थेंब घालून सांभाळा. तिला नळीतून बघितल्यासारखं दिसायचं, आणि ती नळी महिन्यागणिक बारीक होत चालली होती. आभाळात बोट दाखवून काही उपयोग नव्हता. मोबाईलची काच तिला सापडायचीच नाही, टॅबचा मोठा उजेड तेवढा सापडायचा. म्हणून टॅबवर फोटो काढून दाखवायचा, असं मी ठरवलं.

टॅब म्हणजे काय, पोरीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला दुकानातला सगळ्यात स्वस्त माल. शाळा सुटली, पोर कॉलेजात गेली, टॅब माझ्या गळ्यात. एकामागून एक फोटो काढून एकमेकांवर रचणारं एक फुकटचं ॲप मी त्यात घेतलं. डोळ्याला पुसट दिसणारं त्यात हळूहळू उठून येतं. ॲप भलं होतं. टॅबच दळभद्री होता.

निमगाव केतकीत आमची डाळिंबाची बाग, आणि पश्चिमेला शेजाऱ्यांचा ऊस डोक्याच्या वर. दिवस मावळल्यावर शेंडेनक्षत्र दिसायचं ते नेमकं त्या उसाच्या शेंड्यांवर, आणि तेही थोडाच वेळ. मग उंच जागा कुठली, तर शेततळ्याचा भराव. तिथं डाळिंबाचा क्रेट पालथा घालायचा, त्यावर दोन विटा, विटांना टेकवून टॅब. पहिल्या संध्याकाळी ढग आले. दुसऱ्या दिवशी वारं सुटलं आणि फोटोत शेंडेनक्षत्राऐवजी गांडूळ उठलं. "अहो, ते काय आपली वाट बघत थांबणाराय का?" बायको म्हणाली. थांबणार नव्हतंच. रोज ते फिकं होत होतं, आणि आईचे डोळेही. मला रात्री जेवण जाईना.

तिसऱ्या संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. वारा पडलेला. ॲपनं फोटो रचायला घेतले आणि काळ्या काचेवर खरोखरच एक पांढरा ठिपका आणि त्याच्यावर उभी पुसट रेघ दिसू लागली. अजून थोडं उजळू दे, मग आईला हाक मारू, असं म्हणतोय तोच टॅब वाजला.

टॅबमधलं सिम मी पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला जोडून ठेवलं होतं. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. लाईट आली की स्टार्टरच आपल्याला फोन करतो, आपण एक दाबलं की मोटार चालू. आजपासून पाळी बदलली हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आणि मी काय करावं? इतक्या वर्षांची सवय, बोट आपोआप गेलं, एक दाबलं. बागेकडची मोटार सुरू झाली, तळ्यात धो धो पाणी पडू लागलं, आणि फोन उचलल्याबरोबर ॲप बंद. रचलेलं सगळं गेलं. पुन्हा सुरू करेपर्यंत शेंडेनक्षत्र उसात बुडालं. मी टॅब तळ्यात फेकणारच होतो. भरावावर बसून मी चक्क रडलो. पाण्याच्या आवाजात घरापर्यंत काही ऐकू गेलं नाही, तेवढंच बरं.

दुसऱ्या दिवशी सिम काढून खिशात टाकलं. मोटार गेली खड्ड्यात. आईला आधीच हाताला धरून भरावावर आणलं, दुसऱ्या क्रेटवर बसवलं. नुसत्या डोळ्यांनी आता मलाही काही दिसत नव्हतं. पण टॅबच्या काचेवर ते आलं. बारीक, बोटाच्या पेराएवढ्या शेपटीचं, पण आलं! मी टॅब अलगद उचलून तिच्या हातात दिला.

"कुठं हाय रं?"

मी तिचं बोट धरून त्यावर ठेवलं. "हितं बघ आये. बोटाच्या वर शेपटी हाय."

ती मान इकडे तिकडे कलती करून हुडकू लागली. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी पश्चिमेला तोंड करून उभा राहिलो, उसावरच्या उजेडात उगाच काहीतरी शोधत. देवाला मी सहसा काही मागत नाही, पण तेव्हा मागितलं.

"दिसलं!" ती म्हणाली. "दिसलं रं लेका. लई झ्याक हाय. शेपटी केवढी लांब!"

मी हरखून वळलो. तिच्या तोंडावर उजेड नव्हता. बॅटरी संपून टॅब बंद पडला होता, कधी ते मला कळलंच नाही. काच काळीभोर. आई ती काळी काच दोन्ही हातांत धरून एकटक बघत होती, आणि हसत होती.

ती माझ्यासाठी खोटं बोलत होती, की तिला उजेड आणि काळोख यातलाच फरक कळेनासा झाला होता, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी तिच्या हातून टॅब घेऊ लागलो तर तिनं तो छातीशी धरला.

"ऱ्हाऊ दे की रं," ती म्हणाली. "आनखी थोडं बगू दे."