बंब मोडीत घालणारी सोजराबाई

आंबवड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर धनगरांची एक वस्ती आहे. घरं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी. त्यातल्या शेवटच्या अंगणात समोरासमोर दोन घरं, दोघा भावांची. थोरला हैबती, धाकटा सिद्धनाथ. सोजराबाई ही सिद्धनाथाची बायको.

तिला कुणी भांडखोर म्हणतं, कुणी आगाऊ. दोन्ही खोटं आहे. ती भांडत नाही. ती एकदा 'न्हाई' म्हणाली की त्या 'न्हाई'वरून खाली उतरत नाही, एवढंच. आता बाईमाणसाच्या तोंडून हा शब्द ऐकायची वस्तीतल्या कानांना सवयच नाही, त्याला ती काय करणार? सिद्धनाथाची गोष्ट वेगळी. तो गरीब माणूस, जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटतं. त्यामुळं घरात शेवटचं आपणच बोलायचं, हे सोजराबाई संसाराच्या पहिल्या वर्षातच शिकली.

माहेर तिचं गुंजवण्याकडचं. लग्न होऊन ह्या डोंगरावर आली आणि जनावरं, दूध, शेण, पाणी आणि लाकूड ह्यात बुडाली. पुढं नळ आला, डोक्यावरचं पाणी सुटलं. गॅस आला, स्वयंपाकाचा धूर सुटला. लाकूड मात्र सुटलं नाही, कारण अंगणात बंब होता. सासऱ्यानं भोरच्या बाजारातून आणलेला तांब्याचा बंब, दोन्ही घरांच्या अंघोळीचं पाणी त्यातच तापायचं. चिंच लावून घासला की लखलखायचा, आणि खायचा असा की कितीही लाकूड घाला, पोट म्हणून भरायचं नाही. त्याच्यासाठी करवंदीच्या जाळ्यांतून फाटी गोळा करायची, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन निसरड्या वाटेनं उतरायचं. हे सगळं दोन्ही घरच्या बायका करायच्या. पाण्याला वाफ येते का, एवढं पुरुष बघायचे.

यंदा उन्हाळ्यात पप्पूचं, म्हणजे तिच्या मुलाचं लग्न झालं. सून वर्षाराणी किकवीची, हायवेच्या कडेला वाढलेली. पप्पू तिथंच टेम्पो चालवतो. पोरगी कामाला मागं हटणारी नव्हती. डोक्यावर चुंबळ ठेवून तीही मोळीला गेली. दिवाळीच्या थोडं आधी एकदा ती मोळी घेऊन आली ती मान एका बाजूला धरूनच. मान वळेना. सोजराबाईनं विचारलं तर म्हणाली, काही नाही, आणि हसली.

ते हसू बघून सोजराबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कारण ते हसू तिच्या ओळखीचं होतं. उभा जन्म ती स्वतः तसंच हसत आली होती. दुखतंय म्हणायची सोय नसली की बाई असं हसते.

दुसऱ्या दिवशी हैबती शेरडं घेऊन वर गेला आणि इकडं सोजराबाईनं बंब पालथा करून राख झटकली, पप्पूच्या टेम्पोत घातला आणि भोर गाठलं. बंब मोडीत दिला. त्या बदल्यात आणि वर थोडे पैसे घालून गॅसवरचा गिझर घेतला. पप्पू वाटेत दोनदा म्हणाला, आई, काकांना एकदा विचारायचं होतंस. तिनं सांगितलं, विचारलं असतं तर न्हाई म्हणाले असते, मग न्हाई ऐकून पुन्हा हेच करायचं म्हणजे उगाच दोनदा मनस्ताप.

हैबती संध्याकाळी आला आणि अंगणातल्या रिकाम्या जागेकडं बघतच राहिला. त्याचा राग खोटा नव्हता. बापाच्या हातची वस्तू होती, लहानपणी त्याच बंबाला टेकून तो हिवाळ्यात शेकत बसायचा. त्यानं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाला, "उद्या ते डबडं बंद पडलं की डोंगरात तूच जाशील, आन् सुनंलाबी संगं नेशील."

"बंद पडलं तर गार पान्यानं अंघूळ करू," सोजराबाई म्हणाली. "पर माझ्या सुनंच्या डोक्यावर आता मोळी चढायची न्हाई. माझ्याबी न्हाई."

हे ती अंगणात, चारचौघांत बोलली. आता त्या डबड्यानं पेटायलाच हवं होतं.

वसुबारसेच्या दिवशी भोरचा फिटर आला. न्हाणीच्या भिंतीवर त्यानं गिझर ठोकला, नळ्या जोडल्या, सेल घातले आणि तोटी सोडली. आत टिकटिक झालं, भक्कन निळा जाळ उभा राहिला आणि पाणी असं कढत आलं की सिद्धनाथानं हात मागं घेतला. खिडकी बंद करून अंघोळ करायची नाही, हवा खेळती पाहिजे, हे फिटरनं दोनदा बजावलं आणि तो चहा पिऊन गेला. हैबती आपल्या ओट्यावर पाठ करून बसला होता, पण मान मधूनमधून वळत होतीच. सांजेला सोजराबाईनं गाय-वासराची पूजा केली आणि तेच ताट घेऊन न्हाणीत गेली. घरात नवी वस्तू आली की तिला हळदीकुंकू लावायचं, ह्यात विचार करण्यासारखं काय आहे?

सकाळी गिझर पेटेना.

टिकटिक व्हायची, जाळ नाही. पुन्हा टिकटिक, पुन्हा गार पाणी. बातमी अंगण ओलांडायला वेळ लागत नाही. हैबती आला, दारातच उभा राहिला आणि अगदी शांतपणे म्हणाला की, उद्या पहिली अंघोळ आहे, दोन्ही घरची माणसं आहेत, हंड्यात पाणी तापवायचं तर दोन मोळ्या तरी लागतील, सुनेला धाडा. सिद्धनाथाला ते लगेच पटलं. तो खुंटीवरचा मोळीचा दोर काढायलाही लागला.

सोजराबाईनं तो दोर त्याच्या हातून घेतला, आपल्याच कमरेला चांगला तीनचार वेढे देऊन गुंडाळला आणि गाठ मारली. "आता दोर पायजे त्यानं माझ्याकडं मागायचा," म्हणाली आणि तशीच न्हाणीत शिरली. त्या दिवशी दुपारपर्यंत ती त्या अवतारात वावरत होती. पप्पूला हसू आवरेना, पण हसायची छाती कुणाची?

आधी टाकी बघितली, ती भरलेली. तोटीला पाण्याचा जोर कालच्याएवढाच. मग सिलिंडर. पप्पूनं तो शेगडीला जोडून बघितला, शेगडी झकास पेटली. म्हणजे गॅस आहे, पाणी आहे. राहिले सेल. नवेच होते, पण नव्याचा काय भरवसा म्हणून पप्पू आंबवड्याला जाऊन दुसरे घेऊन आला. टिकटिक जरा जोरात व्हायला लागली, जाळ काही येईना. मग वस्तीच्या कडेला, जिथं मोबाईलला रेंज येते त्या खडकावर उभं राहून फिटरला फोन लावला. तो बिचारा सणात अडकलेला. म्हणाला, भाऊबीज झाल्यावरच येता येईल, सारखं सारखं चालू करू नका, आत गॅस साठेल, कॉक बंद ठेवा, आणि तोवर चूल पेटवा. शेवटचं वाक्य सोजराबाईनं पुरतं ऐकलं नाही. फोन बंद केला.

खरं सांगायचं तर त्या खडकावर तिचा धीर सुटला होता. खाली अंगणात वर्षाराणी गुपचूप एका जुन्या फडक्याची चुंबळ वळत बसलेली तिला वरून दिसत होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी वळत होती. सोजराबाईला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. ती तरातरा उतरली, पोरीच्या हातून ते फडकं काढून घेतलं आणि गोठ्यात भिरकावून दिलं.

मग तिनं डोकं शांत केलं. चूल पेटत नसली की ती चुलीला शिव्या घालत बसत नाही, वाकून आत बघते. इथं सगळ्यांनी बाहेरून सगळं तपासलं होतं, आत कुणीच डोकावलं नव्हतं. तिनं पप्पूकडून गॅसचा कॉक बंद करून घेतला, दार-खिडकी उघडी टाकून न्हाणीत चांगली हवा खेळू दिली. वास उरला नाही तेव्हा खिडकीवर घोंगडं टाकून अंधार केला, पप्पूला तोटी सोडायला सांगितली आणि गिझरच्या पोटाशी जी बोटभर खिडकी असते तिला डोळा लावला.

आत एक पांढरी कांडी होती आणि तिच्या टोकाला तार. ठिणगी तारेच्या टोकावर पडायला हवी होती. ती पडत होती खाली, कांडीच्या बुडाशी, आणि जिथं पडत होती तिथं काहीतरी लाल, ओलं, चिकटलेलं होतं. त्यात एक तांदळाचा दाणाही होता.

सोजराबाई डोळा लावून तशीच राहिली. काल तिनं बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावलं, आणि मग तिला वाटलं, पत्र्याला काय लावायचं, अग्नी तर आत आहे. म्हणून कुंकवात बुडवलेलं बोट त्या खिडकीतून आत घातलं होतं आणि अग्नीच्या जागेवर नेमका ठिपका दिला होता. वर अक्षता.

तिनं वर्षाराणीकडून दिव्यासाठी वळलेली एक कोरडी वात मागितली. काडीला गुंडाळून ती आत घातली, कांडी पुसली, पुन्हा नवी वात घेऊन पुन्हा पुसली, कोरडीठाक केली. घोंगडं काढलं. गॅस सोडायला सांगितला. तोटी सोडली. टिकटिक झालं आणि भक्कन निळा जाळ उभा राहिला.

अंगणात एकदम गलका झाला. पप्पू तर फोन काढून त्या खडकाकडं निघालाच होता, फिटरला झापायला, जोडणीतच चूक असणार म्हणून. लाल झालेली वात सोजराबाईच्या मुठीत होती. मूठ तशीच ठेवली असती तर ह्या जन्मी कुणाला कळलं नसतं. हैबती समोर उभा होता, त्याच्यापुढं हे सांगायचं म्हणजे आपणच त्याच्या हातात काठी दिल्यासारखं. पण दुसऱ्याच्या माथ्यावर आपलं कुंकू फासायचं, हे तिच्या रक्तात नव्हतं. तिनं मूठ उघडली.

"फिटरला फोन करू नगंस," ती म्हणाली. "त्याची चूक न्हाई. म्या पूजा करताना आत कुंकू लावलं, त्यानं अडलं."

हैबतीला हवं ते मिळालं. बाईमाणसाच्या हाती यंत्र दिलं की असंच व्हायचं, असं म्हणून तो हसला आणि सिद्धनाथही सवयीनं थोडा हसला.

"हसा," सोजराबाई म्हणाली. "माझी चूक म्या शोधली, म्या पुसली, आन् तुमच्या म्होरं सांगितली. उभा जलम आमच्या डोक्यावर मोळ्या दिल्या, ती चूक कुणाची? ती अजून कुणी शोधायलाबी वाकलं न्हाई, भावजी."

हैबतीचं हसू विझलं. त्या पाण्यानं मी अंघोळ करणार नाही, माझ्या घरचं कुणीही करणार नाही, एवढं सिद्धनाथाला सुनावून तो आपल्या घरात गेला आणि आतून त्याचा धोंडाबाईशी बोलण्याचा आवाज आला. धोंडाबाई त्याची बायको, सोजराबाईची थोरली जाऊ. तिला लाकडं आणायला सांगत होता. धोंडाबाईचा आवाज आला नाही. तिचा आवाज कधी येतच नसे.

पहाटे दव पडलं होतं, अंगणात पणत्या लागल्या होत्या. सोजराबाई तेल-उटणं काढत होती तेव्हा दारात धोंडाबाई येऊन उभी राहिली. बगलेत धुतलेलं लुगडं. सोजराबाईनं पाट मांडला, तिला बसवलं आणि तेलाची वाटी घेऊन मागं बसली. अंबाडा सोडला. टाळूवर, जिथं चुंबळ बसते तिथं, तळहाताएवढ्या जागेत केस उरलेच नव्हते. सोजराबाईनं तिथं जरा जास्तच तेल जिरवलं.

मग धोंडाबाई न्हाणीत गेली. टिकटिक झालं, जाळ पेटला, उघड्या खिडकीतून वाफ अंगणात यायला लागली. समोरच्या ओट्यावर हैबती उघड्या अंगानं, तेल लावून, रिकाम्या हंड्याशी बसला होता. थंडीनं अंग चोरून त्यानं हाक मारली, लाकडं कुठं ठेवलीस म्हणून. पुन्हा मारली.

सोजराबाई उत्तर द्यायला उठणारच होती, तेवढ्यात न्हाणीच्या खिडकीतून आवाज आला. जड नाही, चढा नाही, पण अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असा.

"लाकडं डोंगरात हायत. कोयता खुंटीला हाय."

आणि धोंडाबाईनं तोटी आणखी मोठी सोडली.