तिसऱ्या मजल्याची साक्ष

मागचं उत्तर पाहून गणित जुळवणारी पोरं आणि देवाचा हिशेब छातीठोकपणे सांगणारी माणसं, या दोन जातींची तुळसी टीचरला मनस्वी चीड. पोरं निवृत्तीबरोबर सुटली. माणसं मात्र दर रविवारी ख्रिस्ती देवळात पुढच्याच बाकावर बसत.

तुळसी तंजावरकडच्या मराठी घरातली. नवरा तमिळ ख्रिस्ती. लग्नानंतर दहा वर्षांनी, कुणी गळ न घालता, तिनं बाप्तिस्मा घेतला. नाव तेवढं बदललं नाही. माहेरच्यांनी नाकं मुरडली, चर्चच्या मंडळीतल्यांनीही मुरडली. नवरा वारल्यावर ती चेन्नईत वेलचेरीला तळमजल्यावर एकटीच राहू लागली.

डिसेंबरच्या वादळात, ऐन जेवायच्या वेळी, पाणी घरात घुसलं. औषधांची पिशवी उचलून ती जिना चढली. पहिल्या-दुसऱ्या मजल्यांना कुलपं होती. तिसऱ्यावर ज्ञानराज, मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचे पुढारी. तिनं दार ठोठावलं. ज्ञानराज आतूनच म्हणाले, घराच्या रक्षणासाठी सगळं कुटुंब उपास धरून प्रार्थनेला बसलंय, आमेन झालं की उघडतो. दुसऱ्या दिवशी होडी आली तरी त्यांचं आमेन काही झालं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

ती ओल्या साडीनं पायरीवर बसून राहिली. आधी तिनं ज्ञानराजांना मनसोक्त शिव्या घातल्या, मग देवालाही चार शब्द सुनावले. कपाट, गादी, नवऱ्याचा फोटो, सगळं खाली बुडत होतं आणि भीतीनं तिचे दात वाजत होते. प्रार्थना म्हणावी तर शब्द सुचेनात. मग हळूहळू भीती ओसरली. दृष्टान्त-बिष्टान्त काही झाला नाही. शेजारी कुणीतरी आहे, आणि ते आपल्याला सोडून जाणार नाही, एवढंच तिला कळलं. नवरा गेल्यापासून इतकं शांत तिला कधी वाटलं नव्हतं.

पाणी उतरल्यावर धाकटी बहीण कामाक्षी मैलापूरहून आली. चिखल बघून तिनं तोंडाला पदर लावला.

"अक्का, तुझा क्रूसावरचा सामी काय वाचिवला ग?"

घरी चल म्हणाली, पण गळ्यातला तो क्रूस इथंच ठेवून चल. तुळसी चिखल उपसत राहिली. सामान वाचलं तर देव खरा, बुडलं तर खोटा. देव म्हणजे काय घराचा वॉचमन?

संध्याकाळी ज्ञानराज उतरले. सिस्टर, रविवारी देवळात सगळ्यांसमोर साक्ष द्या, म्हणाले. विश्वास उणा होता, नावसुद्धा जुनंच ठेवलं, म्हणून प्रभूनं ही शिक्षा केली, असं कबूल करा. मंडळी तुम्हाला पदरात घेईल. उंटावरून शेळ्या हाकणं यांच्याकडून शिकावं.

तुळसीला जायला हीच दोन दारं उरली होती. दोन्हीकडे मागत होते एकच: पायरीवर आपल्याला जे मिळालं ते खोटं होतं, असं तिनं म्हणावं. नाही म्हटलं तर या वयात कुणाच्या आधारानं राहायचं? दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

रविवारी आधी ज्ञानराज उठले. प्रभूनं पाण्याच्या थेंबालाही माझा उंबरठा ओलांडू दिला नाही, म्हणाले. हालेलुयाचा गजर झाला. तिसऱ्या मजल्यावरचं घर कोरडं राहिलं यात प्रभूपेक्षा गवंड्याचा हात मोठा, हे त्या भरल्या देवळात एकालाही सुचू नये!

मग तुळसी उठली. आवाज वर्गातला होता. ती तमिळमध्ये बोलली.

"माझं सगळं बुडालं. विश्वास उणा नव्हता, आणि ही शिक्षाही नव्हती. प्रभू त्या दिवशी माझ्याबरोबर जिन्यात बसला होता. ज्ञानराज ब्रदरनी दार उघडलं नाही, ते आम्हां दोघांनाही."