खाजणातल्या बायचा चेहरा

पडदा उघडतो तो एका काळोख्या खोलीवर. कोपऱ्यात निळा दिवा, इतका मिणमिणता की आपला हात दिसावा पण बोटं मोजता येऊ नयेत. जमिनीवर थर्माकोलच्या मिठाच्या राशी. स्पीकरमधून रातकिड्यांची किरकिर, आणि तिच्याही वर, पत्र्याच्या भिंतीपलीकडून, कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक मागे घेतानाची पीं-पीं. मधोमध आपल्याकडे पाठ करून हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली आहे. मोकळे केस कमरेपर्यंत आलेले. ती ते विंचरते आहे. तिला कसलीही घाई नाही.

ही बाई म्हणजे तळवलीचा गोटीराम मढवी. वय बहात्तर, दोन्ही गुडघे गेलेले.

पन्नास वर्षांपूर्वी, खाडीकाठच्या खाजणात, भरतीचं पाणी शिरणाऱ्या त्या दलदलीत, अजून मिठागरं होती तेव्हा, एक फिल्मवाली मंडळी तळवलीला उतरली. त्यांना भुताच्या सिनेमासाठी हडळ हवी होती. मुंबईहून आणलेल्या नटीचे पाय बांधावरून दर दोन पावलांना घसरत होते. गावच्या नाटकात बायकांची कामं करणारा गोटीराम मात्र त्याच बांधावरून डोळे मिटून चालायचा. त्याला लुगडं नेसवलं गेलं. 'खाजणातली बाय' असं त्या सिनेमाचं नाव.

त्यात एकच प्रसंग खरा होता. बाय पाठमोरी बसून केस विंचरते, विंचरतच राहते, आणि शेवटी वळते. दिग्दर्शकाने विचारलं, "किती वेळ थांबशील?" गोटीराम म्हणाला, "चालीस फल्या." मिठागरात लाकडी फळीने मीठ ओढायचं, आणि चाळीस ओढी झाल्या की कंबर सरळ करायची, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. चाळीस फळ्या म्हणजे पुरती दोन मिनिटं. मग तो वळला. चेहऱ्यावर रक्त नाही, सुळे नाहीत. शेजारणीसारखा साधा, ओळखीचं हसणारा चेहरा.

पुढे तंबूत सिनेमा लागला तेव्हा गोटीराम प्रेक्षकांतच बसला होता. बाय वळली आणि सगळ्या तंबूचा श्वास अडकला. कुणी ओरडलं नाही. तसली शांतता त्याने आयुष्यात एकदाच ऐकली. नंतर गावची नाटकं बंद पडली, मिठागरं गेली, त्याने बेलापूर रोडवरच्या कारखान्यात तीस वर्षं मशीन पुसलं. पण ती शांतता तो विसरला नाही.

म्हणून ऐरोलीची स्नेहल दारात आली तेव्हा त्याने चहाचा कप भरलेलाच खाली ठेवला. स्नेहल कळंबोलीच्या एका थीम पार्कच्या भूतबंगल्याची रचना करायची. जुन्या भयपटांतला एकेक प्रसंग घ्यायचा आणि त्याची एकेक खोली उभी करायची, ही कल्पना तिचीच.

"काका, तिसरी खोली तुमच्या बायची. आणि बाय तुम्हीच," ती म्हणाली.

गोटीरामची बायको गोजरा आतून म्हणाली, "न्या, न्या. आता रंग पन लावाला नको. हाय तसाच बसवा."

गोटीराम हसला. त्याला फक्त एकदा, अजून एकदाच, ती शांतता ऐकायची होती.

पहिल्या दिवशी आठ जणांची पहिली बॅच आत आली. गोटीराम विंचरू लागला. एक, दोन, तीन...

"पुतळा आहे रे."

"हात हलतोय की!"

"मोटर असेल आत. ओ आंटी, शाम्पू कुठला?"

कुणी टॉर्च मारला, कुणी गंगावन ओढून पाहिलं. बाराव्या फळीला पुढचं दार आपोआप उघडलं आणि सगळे हसत पुढे गेले. गोटीराम मोजत राहिला. चाळीस झाल्यावर तो वळला, तेच ओळखीचं हसू घेऊन. समोर रिकामी खोली.

दर तीन मिनिटांनी नवी बॅच आली, आणि दर वेळी तो रिकाम्या खोलीकडे वळला.

मॅनेजर हरेश संध्याकाळी म्हणाला, "काका, आपल्याकडे एका खोलीला पस्तीस सेकंद. सगळ्या खोल्यांचं टायमिंग एकमेकांत गुंतलंय. पब्लिक थांबत नाही."

"थांबल्याबिगर भ्या कशी वाटल?" गोटीरामने विचारलं.

"ते मला माहीत नाही. तिसऱ्या खोलीला सगळ्यात कमी रेटिंग आहे, एवढं माहीत आहे."

स्नेहलने हात जोडले. "दहावर वळा ना काका. माझ्यासाठी."

तिच्यासाठी तो एक दिवस दहावर वळला. चेहरा तोच, हसू तेच. एक मुलगी खिदळली, "अय्या, हे तर आजोबा आहेत!" सगळी खोली हसली. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा चाळीस मोजू लागला. लोकांनी आपल्याला हसावं, त्यापेक्षा रिकामी खोली त्याला बरी वाटली.

तिसऱ्या आठवड्यात स्नेहल मान खाली घालून आली. हरेशने यंत्राची बाहुली मागवली होती. "पण चेहरा तुमचाच ठेवायचा, हे मी भांडून मिळवलंय," ती म्हणाली. पोरीचे डोळे भरलेले पाहून गोटीरामनेच तिची समजूत काढली. चेहऱ्याचा साचा घ्यायला नाकात दोन नळ्या घालून तो अर्धा तास ओल्या प्लास्टरखाली पडून राहिला.

बाहुली बसली त्या रविवारी दुपारी स्नेहलने दोघांना बोलावलं. गोजरा ठेवणीतलं लुगडं नेसून आली. कॉलेजची सहा पोरं आणि हे दोघं मिळून एक बॅच झाली. तिसऱ्या खोलीत गोटीरामने बाहुलीची पाठ पाहिली. हात सुरेख चालत होता. बरी केलीय, त्याला वाटलं, आणि त्याने नकळत मोजायला सुरुवात केली.

चौथ्या फळीला मान गर्रकन फिरली. धड जागच्या जागी. जबडा छातीपर्यंत लोंबला, लाल दिवा भडकला, भोंगा किंचाळला. पोरं ओरडली. गोजरेने किंकाळी फोडून नवऱ्याच्या खांद्यात तोंड खुपसलं.

मग भोंगा थांबला. दार उघडायच्या आधी एक क्षण कुणीच काही बोललं नाही. कुणी श्वासही घेतला नाही.

गोटीरामने ती शांतता लगेच ओळखली. पन्नास वर्षांनी ती आली होती, आणि ती त्याच्यासाठी आलेली नव्हती.

बाहेर बाकावर गोजरा पाणी पीत कुरकुरली, "मेल्यांनी काय करून ठेवलाय तुमच्या तोंडाचा! माजा जीवच गेला व्हता." गोटीराम तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

स्नेहल धावत आली. "काका, तिसरी खोली एक नंबरवर गेली! लोक परत लाईन लावतायत. तुम्ही रोज गेटवर बसाल? ओरिजिनल बाय म्हणून? लोक तुमच्यासोबत फोटो काढतील."

गोटीरामने रांगेकडे पाहिलं. रांग पार्किंगपर्यंत गेली होती. पोरं एकमेकांना ढकलत, आधीच घाबरल्याचं सोंग करत उभी होती. तो काठी टेकून उठला आणि त्याने स्नेहलच्या डोक्यावर हात ठेवला.

"नको पोरी. यांनी हिथं माजा तोंड बगला, तं आत तिला कोन घाबरनार?"