धाकट्या जावेचं स्कूबा आणि मळ्यातली विहीर

मैत्रिणींनो, आज मळ्यात भरीत पार्टी होती. मी तुरकाठ्यांवर वांगी भाजत होते आणि बाकी सगळे माझ्या धाकट्या जावेच्या मोबाइलवर वाकले होते. ती परवाच अंदमानहून आली. लहानसं बेट, तिथलं रिसॉर्ट, निळं पाणी आणि माशांमधून तरंगणारी ही. मागून तिला प्रशिक्षकाने धरलं होतं, ते कुणालाच दिसत नव्हतं.

"तुला तर पोहता येत नाही," मी म्हटलं.

"स्कूबाला यावं लागत नाही, ताई. ते धरतात आपल्याला."

मी माहेरी विहिरीत पडलेल्या कळश्या बुडी मारून वर आणायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात इथल्या विहिरीत सूर मारला, तर सासूबाई म्हणाल्या, "सूनबाईले हाई शोभस का?" आठ दिवस अबोला. मी पुन्हा कधी पाण्यात उतरले नाही.

त्याच सासूबाईंनी आज व्हिडिओ दोनदा पाहिला आणि कौतुकाने म्हणाल्या, "कितली धीट शे आमनी धाकली."

मी वांगी सोलायला घेतली. भरितात मिरच्या मात्र दुप्पट ठेचल्या. जावेने नाक पुसत तेही दोनदा मागून घेतलं.

जळले मी, कबूल आहे.

आता सगळे जेवून आंब्याखाली आडवे झालेत. मी चपला काढून, पदर खोचून विहिरीच्या पायरीवर बसलेय. पाणी छान वर आलंय. पोहून येईपर्यंत हा फोन कुठे ठेवू, तेवढं सांगा.