हिरवा दिवा आणि अकोल्याची मावशी

आमच्या घरात शिंकेचे दोन प्रकार आहेत. घरच्या माणसाची शिंक ही धुळीची ॲलर्जी असते आणि पाहुण्याची शिंक हा रोग असतो. हा नियम कुणी केला म्हणाल तर मीच. गेल्या वैशाखात तो मोडीत निघाला, पण त्याची किंमत मी सोडून बाकी सगळ्यांनी मोजली. आमच्याकडे वाटण्या बहुधा अशाच होतात.

आईचं मोठं आजारपण नुकतंच होऊन गेलं होतं. गाठ गेली, पण औषधांनी अंगातली रोगाशी भांडायची ताकदही सोबत नेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "साधा फ्लूसुद्धा यांना जड जाईल. घरातली हवा सांभाळा." आता पाणी गाळता येतं, दूध तापवता येतं, हवा कशी सांभाळायची? मी अमरावतीच्या एका कचेरीत फायली सांभाळतो, त्याही वेळेवर सापडत नाहीत.

मदतीला धावला माझा एक शाळासोबती. तो इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. त्याच्या विभागात हवेतले रोगजंतू ओळखणारं यंत्र तयार झालं होतं आणि चाचणीसाठी त्यांना घरं हवी होती. जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी. आतला छोटा पंखा दिवसरात्र खोलीतली हवा ओढणार, ती हवा एका ओल्या पट्टीवरून जाणार, आणि फ्लू-कोरोनासारख्या ठरावीक विषाणूंचे कण पट्टीला सापडले की दिवा लाल. नाही तर हिरवा. भिंतीवर पेटी ठोकता ठोकता मित्र बरंच काही समजावत होता. मी मान हलवत होतो. लक्ष मात्र पेटी देवांच्या फोटोंच्या रांगेत येते की नाही इकडे. तो गेल्यावर बायकोनं धूळ बसू नये म्हणून पेटीला विणलेलं झाकण घातलं. फ्रीजला आहे, मिक्सरला आहे, मग हिनंच काय पाप केलं? मित्राचा फोन येईपर्यंत यंत्र बिचारं सुताचीच हवा तपासत होतं.

झाकण निघालं आणि माझ्या अंगात संचारलं. दूधवाल्याला मी उंबऱ्याबाहेर थोपवू लागलो. शेजारची वहिनी खोकली तर आधी तिच्याकडे पाहायचो, मग दिव्याकडे. आई खाटेवरून म्हणायची, "देवापुढचा दिवा इझला तरी चालते याले. भिताडावरचा पाहिजे."

ती कुणाची वाट पाहत होती तर अकोल्याच्या मावशीची. ही नात्यानं मावशी नव्हे, आईची बालमैत्रीण. दर वैशाखात एसटीनं येते, आणि दोघी मिळून सरगुंडे करतात. कणकेची बारीक वळी काडीभोवती गुंडाळायची, अलगद सोडवून वाळत घालायची, आणि पुढे उकडून आमरसाबरोबर खायची. काम हाताचं, पण खरं चालतं तोंड. मावशीनं आमचं दार कधी वाजवलेलं मला आठवत नाही. ती थेट स्वयंपाकघरात उगवायची आणि डबा उघडून म्हणायची, "चिवडा संपवला का रे सारा?"

ती यायची त्या दिवशी मी रजा टाकली. सकाळपासून शिंका येत होत्या. ॲलर्जी, दुसरं काय! आई मावशीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, म्हणून तिचं मन रमवायला मी दुपारभर तिच्या खाटेशी बसून कचेरीतल्या गमती सांगितल्या. बायको दोनदा म्हणाली, "तुमचं नाक पाहा जरा." मी म्हटलं, "कूलरच्या गवताचा वास चढतो मला."

मावशी आली. मी तिला हातपाय धुवायला लावले, मास्क लावायला लावला. तिनं तो उलटा लावला, मी सुलटा केला. दोघी बसल्या. आईचे हात थरथरत होते, वळी जाड होत होती, आणि मावशी म्हणत होती, "हे सरगुंडं व्हय का अजगर वो?" आई कितीतरी महिन्यांनी पोट धरून हसली.

तेवढ्यात दिवा लाल झाला.

"मावशी, तू जरा बाहेर बस," मी म्हटलं.

"काहून?"

"दिवा लाल झाला."

"मंग?"

"एसटीत गर्दी राहते. कोणाचं काय घेऊन आली असशील."

तिनं हातातल्या काडीकडे पाहिलं. "मी त काड्याच घेऊन आली बापू."

आई म्हणाली, "बस वो तू. त्याचं काय ऐकतं?" पण मावशी उठली होती. हाताची कणीक तशीच. "जातो माय मी सांजच्या गाडीनं. पोरगं वाट पाहून राहिलं असन." तिचा मुलगा पुण्याला असतो, अकोल्यात तिची वाट पाहणारं कुणी नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी तिला थांब म्हटलं नाही. उलट ती फाटकाबाहेर पडल्यावर सगळ्या खिडक्या उघडल्या, खुर्ची पुसली, आणि त्या दोघींनी केलेले सरगुंडे ताटासकट उचलून कचऱ्यात ओतले. आई भिंतीकडे तोंड करून पडली.

रात्री मला ताप भरला.

सकाळी मित्राला फोन लावला, तो मात्र अभिमानानं. "तुझ्या यंत्रानं पकडलं बरं का!"

त्यानं सगळं विचारून घेतलं. मावशी कधी आली, दिवा कधी लाल झाला. मग म्हणाला, "अरे, पेटी लावताना सांगितलं होतं ना? पट्टीला ओळखायला तासभर लागतो. दिवा दाखवतो ती मागची हवा. तुझी मावशी तेव्हा एसटीत, मूर्तिजापूरच्या आसपास असेल. आईजवळ कोण बसलं होतं?"

"मी" म्हणायच्या ऐवजी मला शिंक आली.

मी मागच्या खोलीत कोंडून घेतलं आणि रोज दाराआडून विचारत राहिलो, आईला ताप आहे का? नव्हता. पुढेही आला नाही. बायकोनं तिला यंत्राचा खुलासा केला, तेव्हा आई दाराशी येऊन एवढंच म्हणाली, "मले काई झालं नाई. पण तू तिले उठवलं."

बरा झालो आणि अकोला गाठलं. मावशीनं चहा टाकला, मुरमुरे पुढे केले. मी वाटभर पाठ केलेलं सगळं बोललो: पट्टी, तासभर, मागची हवा. तिनं ऐकून घेतलं.

"म्हंजे तुलेच झालं होतं?"

"हो."

"मंग आता बरा हायेस ना?" तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "आईले नाई ना झालं? मंग झालं त."

याहून तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर मला मुरमुरे गिळता आले असते. माझ्यासोबत ती अमरावतीला आली. काड्या तिनं आठवणीनं घेतल्या.

मोकळ्या हवेत धोका कमी, असं मित्रानं सांगितलं होतं. तेही पहिल्याच दिवशी सांगितलं असणार. आम्ही आईची खाट अंगणात कडुलिंबाखाली टाकली. दोघी तिथंच बसून सरगुंडे करतात, अजगर निघतात, आई हसते. यंत्र आत रिकाम्या खोलीची हवा ओढत हिरवंगार असतं.

एकच फरक पडलाय. मावशीला पाणी लागलं तर ती उंबऱ्याशी थांबते आणि आत वाकून विचारते, "बापू, हिरवा हाय का रे?"

पहिल्यांदा वाटलं, टोमणा मारतेय. मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती.

"हिरवा आहे मावशी, ये ना आत," मी म्हणतो. ती "हो हो" म्हणते, आणि मी पेला आणून देईपर्यंत तिथंच उभी राहते.