भावोजींचं रॉकेट पडलं तेव्हा

आमच्या भावोजींइतका चीड आणणारा सज्जन माणूस मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत शोधूनही सापडायचा नाही. दुर्जनावर चिडलं तर निदान चारजण आपल्या बाजूने बोलतात. भावोजींवर चिडलं की सगळे आपल्यालाच दटावतात, आणि त्यात माझी सख्खी बहीण सर्वांत पुढे. आमच्या मालवणी आईने तर लग्नाच्या वर्षीच निकाल देऊन टाकला होता, "माणूस देवाचो, पण डोक्याक ताप."

भावोजी रॉकेटच्या इंजिनाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. इंधन सोडणारे आणि अडवणारे व्हॉल्व्ह त्यांनी तपासल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. असा माणूस घरात असला की आपल्यालाही जरा मिरवायची सोय होते, नाही का? पण ते सुख भावोजींनी मला मिळू दिलं नाही. बोरिवलीच्या एका लग्नात मी त्यांना मोठ्या तोऱ्यात माझ्या ऑफिसातल्या साहेबांसमोर नेऊन उभं केलं. साहेबांनी विचारलं, रॉकेट सुटताना नेमकं काय होतं. भावोजींनी जेवणाची रांग संपेपर्यंत त्यांना हे समजावून सांगितलं, की लेक सायकल शिकत असताना मागचा हात नेमका कधी सोडायचा. साहेबांना वाटलं, माझे मेहुणे सायकलच्या दुकानात आहेत. आणि हाच माणूस घरातल्या प्रेशर कुकरला घाबरतो. नाहूरच्या त्यांच्या दोन खोल्यांत बटाटे शिजायला लागले की आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढतो, आणि तिसरी शिट्टी होईपर्यंत आम्ही दाराबाहेर उभे. मी एकदा वैतागून म्हटलं, अहो, काही होत नाही. तर शांतपणे म्हणाले, "काही झालं की काय होतं, ते मी पाहिलंय." दुपारी कारखान्यातून ताईला फोन करतात तो इडलीचं पीठ फुगलं का हे विचारायला. नाही फुगलं म्हटलं तर संध्याकाळी घरी येतात ते पडलेल्या चेहऱ्याने.

पण मी खरी भडकले ती त्यांच्या लेकीच्या, मनूच्या सातव्या वाढदिवसाला. नेमक्या त्याच दिवशी त्यांचं रॉकेट उडायचं होतं. कैक वर्षांचं काम, अख्खं खातं दक्षिणेतल्या उड्डाणतळावर गेलेलं, आणि ह्यांना मानाने बोलावलेलं असताना हे गेले नाहीत. कारण काय, तर मनूला हत्ती व्हायचं कबूल केलं होतं. म्हणजे हे हत्ती होणार आणि मुलं पाठीवर बसणार. मी त्यांच्याशी कडाडून भांडले. हत्ती पुढच्या रविवारी झालात तर काय बिघडेल, असंही विचारलं. ते हसले आणि फुगे आणायला निघून गेले.

त्या दिवशी सकाळी ते कारखान्यातच पडद्यावर उड्डाण बघणार होते. मी आणि ताई पुऱ्या तळण्यात बुडालेल्या, टीव्ही बंद. दुपारी भावोजी केक आणि कागदी टोप्या घेऊन आले. ताईने विचारलं, झालं का उड्डाण? म्हणाले, "झालं." आणि लगेच गुडघ्यांवर बसून हत्ती झाले. सोसायटीतली यच्चयावत पोरं त्यांच्या पाठीवर. सोंड हलवत हलवत हा माणूस घरभर फिरला. मनू हसून हसून लाल झाली होती.

संध्याकाळी मुलांना न्यायला पालक आले. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ दारातूनच म्हणाले, "काय हो, तुमचं रॉकेट समुद्रात पडलं म्हणे? आमचा टॅक्स गेला ना पाण्यात."

माझ्या हातातली डिश तिथेच थांबली. ताईने भावोजींकडे पाहिलं. मनू आत भेटवस्तू उघडत होती, तेवढं एक बरं. भावोजी त्यांना म्हणाले, "हो, पडलं. तुमच्या चिन्मयला केक आणखी देऊ का बांधून?"

त्या गृहस्थाला मी जे काही बोलणार होते ते इथे छापण्याजोगं नाही. ताईने मला दंडाला धरून थांबवलं. मग मी भावोजींनाच स्वयंपाकघरात गाठलं. ते ग्लासांत सरबत ओतत होते. मी म्हटलं, एवढं मोठं घडलं आणि तुम्ही बायकोलासुद्धा सांगितलं नाहीत?

"मनूचा वाढदिवस आजच आहे गं," ते म्हणाले. "ते उद्याही पडलेलंच असणार आहे."

सरबत ग्लास भरून ओट्यावर सांडत होतं आणि त्यांना ते दिसत नव्हतं. मी त्यांच्या हातातला जग काढून घेतला. मुलं गेल्यावर ते गॅलरीत जाऊन बसले. ताई शेजारी बसली, त्यांच्या पाठीवर हात ठेवून. मी केर काढत राहिले.

पुढे चौकशी झाली. भावोजींचे व्हॉल्व्ह चोख निघाले, चूक दुसऱ्या विभागातली होती. मला वाटलं, आता तरी हा माणूस ताठ मानेने त्या खालच्या मजल्यावर जाईल. कसलं काय. ज्याच्या हातून चूक झाली होती त्या सहकाऱ्याला रविवारी घरी जेवायला बोलावलं आणि स्वतः सुरमई तळून वाढली. मी संतापून विचारलं, तर म्हणाले, त्याच्याशी कारखान्यात सध्या कोणी बोलत नाही.

आता मनू कॉलेजात आहे, पुण्याला राहते. तिच्या वाढदिवशी रॉकेट पडलं होतं, हे तिला आम्ही कोणी कधी सांगितलं नाही. मागच्या महिन्यात आली ती रडवेली होऊन. परीक्षेत नापास झाली होती. भावोजींना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त डोक्यावरून हात फिरवला. नंतर ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मावशी, बाबांना काय कळणार? त्यांचं कधी काही बिघडलंय का?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मागे भावोजी दिसले. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. ते मागोमाग आले. मी म्हटलं, सांगा ना तिला, आज तिला त्याचीच गरज आहे.

"सांगेन गं दुसरं काहीतरी फसलेलं," ते म्हणाले. "माझ्याकडे पुष्कळ आहे. तो दिवस मात्र राहू दे. अजून सांगते मैत्रिणींना, हत्ती झालेले बाबा म्हणून."

मग ते बाहेर जाऊन मनूशेजारी बसले. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही. मनू मात्र मान खाली घालून ऐकत होती, आणि बऱ्याच वेळाने तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.