जंगलाची वाट आमचीही

आमची हस्की, बर्फात गाड्या ओढणाऱ्या जातीची कुत्री, आमच्याकडे आली तेव्हा तिला आधी तीन घरांनी परत केलं होतं. आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावाजवळच्या, कुत्र्यांच्या आश्रयगृहातल्या बाईंनी मला स्पष्टच सांगितलं, "ही घरात बसणारी नाही. हिला ओढायला काहीतरी द्या, नाहीतर ती तुमचं घर ओढून काढेल." हस्कीने सोफा फाडला, कुंपणाखालून भुयार खणलं, शेजारच्यांच्या भाज्यांच्या वाफ्यात जाऊन झोपली. नवरा म्हणाला, "परत देऊ या, आपल्याच्यानं होणार नाही." हे ऐकून आमची मुलगी इतकी रडली, तीही अस्सल आयरिश हेल काढून इंग्रजीत, की तो विषय तिथेच संपला.

जनावरांच्या डॉक्टरांनी मला एका क्लबचा पत्ता दिला. आयर्लंडमध्ये स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांचा क्लब! मला आधी हसूच आलं. इथे बर्फ पडला तर शाळेला सुट्टी देतात. पण ही मंडळी बर्फाची वाट बघत बसत नव्हती. तीन चाकांच्या, ब्रेक असलेल्या गाडीला ती कुत्री जुंपत आणि जंगलातल्या मातीच्या रस्त्यावर पळवत. त्या गाडीला ते रिग म्हणत. क्लबच्या प्रमुख बाई निवृत्त नर्स होत्या, सत्तरीच्या, बुटक्या, आवाज मात्र वॉर्डच्या या टोकाहून त्या टोकाला पोचेल असा.

पहिल्या रविवारी उजाडता उजाडता मी तिथे पोचले. हस्कींना उकाडा सोसत नाही, म्हणून सगळा सराव थंडीच्या महिन्यांत आणि सकाळीच. उभ्या मोटारींमधून कुत्र्यांचा असा आरडाओरडा चालला होता की कोणी कोणाचं बोलणं ऐकू शकत नव्हतं. आमची तर उभी राहून रडत होती. बाईंनी तिला आपल्या म्हाताऱ्या, अनुभवी कुत्र्याशेजारी बांधलं, मला रिगवर उभं केलं, ब्रेक दाखवला आणि दोर सोडला.

त्या क्षणी सगळा आवाज बंद झाला. फक्त पंजे, चाकं आणि श्वास. चिखल तोंडावर उडत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि माझ्यापुढे आमची हस्की कान मागे टाकून अशी धावत होती, जणू एवढे दिवस ती आम्हाला हेच सांगत होती. त्या दिवशी घरी येऊन ती संध्याकाळपर्यंत झोपली. सोफ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्या वर्षी, सराव सुरू व्हायच्या सुमारास, जंगलाच्या फाटकावर नवी पाटी लागली: कुत्र्यांनी ओढलेल्या वाहनांना बंदी. कोणीतरी तक्रार केली होती, एवढंच कळलं. बाईंनी जंगलाच्या ऑफिसात फोन केला. मॅनेजर अगदी गोड बोलला. "ग्रँड, ग्रँड, आम्ही बघतो." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे'. मग काहीच झालं नाही. पुन्हा फोन केला, पुन्हा ग्रँड.

क्लबातल्या दोघातिघांनी धीर सोडला. एकाच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं कुरण होतं, पार दुसऱ्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. तिथे जाऊ, भांडण नको, असं ते म्हणू लागले. आमच्या मराठी मैत्रिणींचा सूरही तोच. "अगं, आपण बाहेरून आलेली माणसं. कुत्र्यापायी कशाला वाकड्यात शिरतेस?" माझी आई तेव्हा नागपूरहून आली होती. तीही म्हणाली, "कायले भांडून राहिली तू? सरकारी पाटी लागली, म्हणजे लागली."

मला काय झालं कोण जाणे, पण मी इरेला पेटले. मी आईला म्हटलं, "पाटी माणसांनीच लावली ना? मग माणसंच काढतील."

बाईंच्या स्वयंपाकघरात क्लबची बैठक झाली, तिथे मी सांगितलं की मी कुरणात जाणार नाही. पाटीवर गाडीला बंदी आहे, चालायला नाही. तेव्हा दर रविवारी आपण सगळी कुत्री घेऊन, त्यांना ओढायचे पट्टे, म्हणजे हार्नेस, घालून, दोर आपल्या कमरेला बांधून त्याच वाटेवर चालायचं. दिसत राहायचं. बाईंनी टेबलावर हात आपटला. "हे मला आधी का नाही सुचलं!"

आम्ही चाललो. पाऊस आडवा येत होता, तरी चाललो. हस्कीला कमरेला बांधून चालणं म्हणजे चालणं नसतंच. दर वळणावर मी कुठल्या ना कुठल्या झाडाला मिठी मारत होते. आई साडीवर रेनकोट आणि पायात माझे बूट घालून मागून यायची आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हसून 'गुड मॉर्निंग' म्हणायची. लोक थांबून विचारू लागले, हे सगळं कशासाठी. आम्ही सांगत गेलो. शेवटी गावातल्या हॉलमध्ये सभा ठरली आणि मॅनेजरलाही यावं लागलं.

सभेत पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "ही बर्फातली कुत्री. इथे बर्फ नाही. मग हा हट्ट कशाला? मूठभर लोकांच्या हौसेसाठी जंगल का द्यायचं?" बरेच जण हसले. क्लबातले एक शिक्षक माझ्या कानाशी कुजबुजले, "तू बोल. सांग, मीही दुसऱ्या देशातून आले, मलाही सामावून घेतलंत. लोक विरघळतील."

ते मनाने चांगले होते, पण मला ते मुळीच पटलं नाही. मी उठले ती रागातच.

"मी कुठून आले ते बाजूला ठेवा," मी म्हटलं. "दर रविवारी मी त्या जंगलात असते. वादळानंतर वाटेवरच्या फांद्या आम्ही बाजूला करतो, कारण आमची चाकं अडतात. घोड्यांना तिथे वाट आहे. सायकलींना आहे. आम्हाला का नाही, याचं कारण सांगा. बर्फ नाही, हे काही कारण झालं नाही. तुमचे घोडे तरी कुठे लढाईला जातात?"

हॉलमध्ये हशा पिकला, पण या वेळी आमच्या बाजूने. तेवढ्यात मागून एक उंच, वाकलेले आजोबा उभे राहिले. "तक्रार मी केली होती," ते म्हणाले. "मला तुमच्या कुत्र्यांचा राग नाही. माझी बायको काठी घेऊन चालते. तुमची कुत्री पळताना भुंकत नाहीत, आवाजच करत नाहीत. वळणावर एकदम समोर येता आणि मला तिला ओढून चरात उतरवावं लागतं."

ज्या शांततेवर मी जीव टाकला होता, तिचीच यांना भीती वाटत होती. हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

बाई उठल्या. "तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मला का नाही सांगितलंत?"

"तोंड उघडेपर्यंत तुम्ही दिसेनाशा व्हायचात!"

मग बोलणी झाली. प्रत्येक रिगला घंटा बांधायची, पुढे एक सायकलस्वार पाठवायचा, वळणांवर वेग कमी करायचा. आणि चालणारं कोणी दिसलं की कुत्र्यांना थांबवायचं. मॅनेजर म्हणाला, "कुत्री थांबतात का, हे मी डोळ्यांनी बघेन, मगच ठरवेन."

बघायला तो खरंच आला. आजोबा आणि काठी घेतलेल्या आजी वळणावर उभे राहिले. रिगवर मी होते, पुढे बाईंचा म्हातारा कुत्रा आणि आमची हस्की. घंटा वाजत होती. ती दोघं दिसताच मी ब्रेक दाबला आणि "व्हॉ!" म्हणून ओरडले. दोन्ही कुत्री जागच्या जागी थांबली. माझी छाती अभिमानाने फुगली, तोच आमची हस्की चिखलात बसली, तोंड वर केलं आणि आजींकडे बघत मोठ्याने हेल काढून रडू लागली. थांबेचना. मॅनेजरच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं, संपलं.

आजी मात्र काठीवर रेलून हसत सुटल्या. "मला रागावतेय ती! म्हणतेय, वाटेतून बाजूला हो."

"तिच्याकडे लक्ष नका देऊ," मी म्हटलं आणि 'ऑन बाय' असा इशारा दिला. म्हणजे, बघू नका, बाजूने पुढे चला. हस्की उठली आणि दोन्ही कुत्री आजींच्या बाजूने सावकाश, शिस्तीत निघून गेली.

काही आठवड्यांनी मॅनेजरचा बाईंना फोन आला. तेव्हा मी त्यांच्याकडेच होते. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. जंगलाच्या पलीकडच्या बाजूची लहान फेरीची वाट मिळाली होती. फक्त थंडीत, फक्त रविवारी, फक्त सकाळी. मोठी फेरी, जिच्यावर आम्ही सुरुवातीपासून पळत होतो, ती बंदच राहणार होती.

"आता खूश ना?" त्याने विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हे मिळालं ते चांगलंच झालं. पण पूर्ण खूश नाही. मोठी फेरी आम्ही पुन्हा मागणार आहोत."

मग तो म्हणाला, "मला वाटलंच होतं."

आई परत जायच्या आधीच्या रविवारी छोटी फेरी सुरू झाली. ती फाटकाशी उभी राहून बघत होती. आम्ही चिखलाने माखून परत आलो, तेव्हा तिने आधी हस्कीला पाणी पाजलं, मग मला विचारलं, "दुसऱ्या वाटेचं काय झालं वं?"

"नाही म्हणाले."

"मंग? तू काय म्हटलं?"

"पुन्हा मागणार म्हटलं."

"हाव," ती म्हणाली. "सोडू नको."

मोठी फेरी अजून मिळालेली नाही. आम्ही दोनदा मागितली, दोनदा नकार आला. मार्चमध्ये पुन्हा मागणार आहोत, आणि या वेळी आमच्या बाजूने बोलायला ते आजोबाही येणार आहेत.